नाव सिअर्सचे, कारखाना ऑस्ट्रियाचा

अमेरिकेत सायकलीची दुकाने वेगळी आणि कपडे, भांडी, फ्रीज, शिवणयंत्रे, खेळणी असे सारे एकाच छपराखाली विकणारी डिपार्टमेंट स्टोअर्स वेगळी. स्टोअरमधून घेतलेली सायकल दुरुस्तीला आली की तिकडचा सायकल कारागीर नाक मुरडतो. त्याचे म्हणणे बहुतांशी रास्तही आहे, कारण या सायकली जड असत आणि घाईघाईत जोडलेल्या असत. तरीही पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या या मालात अधूनमधून अशी एखादी सायकल निघते की तिचे चाक, ब्रेक, सीट सगळे हलके प्रतीचे आणि चौकट मात्र उत्तम कारखान्यातली. हे कसे घडले आणि अशी चौकट ओळखायची कशी, याची माहिती आम्ही येथे देत आहोत. सायकलीच्या धंद्यात असलेल्या वाचकांना ती उपयोगी पडेलच. पण दुसऱ्याच्या कारखान्यात माल बनवून घेऊन स्वतःच्या नावाने विकणाऱ्या कोणाही व्यापाऱ्याला तीत काही सापडेल.

सिअर्स, रोबक आणि कंपनी या पेढीचे उदाहरण घेऊ. १८९३ साली हे नाव घेतलेल्या या पेढीने टपालाने माल पाठवून अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत गिऱ्हाईक जोडले. तिचा जाडजूड कॅटलॉग शेतकऱ्याच्या घरी असे आणि घड्याळापासून नांगरापर्यंत सारे त्यातून मागवता येई. पुढे शहरोशहरी तिची स्टोअर्स निघाली. पण सिअर्स हा मुळात व्यापारी, कारखानदार नव्हे. माल दुसरा बनवी, त्यावर नाव सिअर्सचे लागे. हत्यारांवर ‘क्राफ्ट्समन’, धुलाई यंत्रांवर ‘केनमोर’, मोटारीच्या बॅटरीवर ‘डायहार्ड’. केनमोरची कितीतरी धुलाई यंत्रे व्हर्लपूलच्या कारखान्यातून येत, हे गिऱ्हाइकाला माहीत नसे आणि माहीत असण्याची गरजही वाटत नसे.

सायकलीचेही तसेच. दुसऱ्या महायुद्धापूर्वी सिअर्सच्या सायकलींवर ‘एल्जिन’ हे नाव असे. त्यांतली १९३० च्या दशकातली ‘ब्लूबर्ड’ आज संग्राहक मोठी किंमत देऊन घेतात. युद्धानंतर ‘जे. सी. हिगिन्स’ हे नाव आले. हा हिगिन्स कोणी खेळाडू नव्हता, तर सिअर्सच्याच कचेरीतला एक जुना नोकर होता. नाव कानाला बरे वाटले म्हणून ते खेळाच्या सामानावर छापले गेले. १९६० च्या दशकात बेसबॉलचा नामांकित खेळाडू टेड विल्यम्स याचे नाव लागले आणि त्यानंतर ‘फ्री स्पिरिट’. माँटगोमरी वॉर्डच्या सायकलीवर ‘हॉथॉर्न’, वेस्टर्न ऑटोच्या सायकलीवर ‘वेस्टर्न फ्लायर’. टायर विकणारी बी. एफ. गुडरिच कंपनीही आपल्या नावाची सायकल विकत असे आणि ती बनवून देई श्विन, म्हणजे अमेरिकेतला सर्वांत मानाचा सायकल कारखाना. तेव्हा दुकानाच्या नावावरून मालाची प्रत ठरवणारा तेथेच चकतो.

आता मुख्य गोष्ट. १९५० च्या दशकापासून सिअर्सने आपल्या हलक्या सायकली ऑस्ट्रियातील श्टायर-डाइमलर-पूख या कंपनीकडून आणवल्या. योहान पूख याने ग्राझ शहरात १८८९ च्या सुमारास सायकली बनवण्यास सुरुवात केली होती. १९३४ साली तीन कंपन्या एकत्र येऊन हे लांबलचक नाव तयार झाले. बंदूक, ट्रॅक्टर, ट्रक, मोटारसायकल असे सगळे बनवणारा हा उद्योग होता. सिअर्स त्याच्याकडून मोटारसायकली आणि मोपेडही घेई आणि त्यांवर ‘ऑलस्टेट’ असे स्वतःचे नाव लावी. (या कंपनीचा दुचाकी विभाग १९८७ साली इटलीच्या पियाजिओने घेतला. ही तीच व्हेस्पावाली पियाजिओ, जिच्या परवान्यावर पुण्याच्या बजाजने १९७१ पर्यंत स्कूटर बनवल्या.)

अमेरिकेत कारखाने असताना सायकल ऑस्ट्रियाहून का आणावी? कारण तिकडचे मोठे कारखाने मुलांच्या जाड टायरच्या, वजनदार सायकली बनवण्यात तरबेज होते. मोठ्या माणसासाठी बारीक टायरची, तीन गिअरची, इंग्लिश घाटाची सायकल हे त्यांचे काम नव्हते. युद्धानंतर इंग्लंडमधून अशा सायकली येऊ लागल्या आणि खपू लागल्या. अमेरिकन कारखानदारांनी ओरड केली, १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आयात सायकलींवरची जकात वाढवली. पण हलक्या सायकलींवरचा बोजा इतरांच्या मानाने कमी ठेवला. त्यामुळे युरोपातून हलकी सायकल आणणे परवडत राहिले. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत सायकलीची लाट आली. १९७० साली सुमारे ७० लाख सायकली विकल्या गेल्या होत्या, १९७३ साली तो आकडा दीड कोटीच्या वर गेला. गिऱ्हाइकाला खाली वाकलेल्या हँडलची, दहा गिअरची सायकल हवी होती आणि ज्याच्याकडे युरोपचा कारखाना बांधलेला होता त्याची चलती झाली.

चौकट चांगली आणि बाकी सामान हलके, असे का झाले, हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सायकलीची चौकट बनवणारा कारखाना ती स्वतः बनवतो. नळ्या पकडून ठेवणारे साचे एकदा लावलेले असतात, झाळकाम करणारा कामगार एकदा तयार झालेला असतो, भट्टी आणि रंगाची व्यवस्था ठरलेली असते. व्यापाऱ्याने भाव पाडून मागितला म्हणून तोच कामगार त्याच साच्यात मुद्दाम वाईट सांधा घालत नाही. तसे करायला वेगळी रांगच उभारावी लागेल आणि ती महाग पडेल. कमी करता येते ते सुट्या भागांत. ॲल्युमिनियमच्या रिमऐवजी लोखंडी, चांगल्या क्रँकऐवजी कॉटर पिनची, चामड्याच्या सीटऐवजी प्लॅस्टिकची. घासाघीस होते ती येथे, आणि हेच भाग पुढे बदलताही येतात.

अमेरिकन कारखान्यांत मात्र गणित उलटे होते. त्यांची यंत्रे मुळातच विजेच्या जोडकामाने भराभर चौकटी काढण्यासाठी उभारलेली होती. तेव्हा तेथून आलेल्या स्वस्त सायकलीची चौकटही जड आणि जाड नळ्यांचीच असे. यात स्टोअर आणि सायकलचे दुकान असा भेद नव्हता. श्विनची ‘व्हर्सिटी’ ही दहा गिअरची सायकल केवळ सायकलच्या दुकानातच मिळे, तिचा लौकिकही मोठा. पण तिचे वजन सतरा-अठरा किलोच्या घरात. सिअर्सची ऑस्ट्रियन दहा गिअरवाली तिच्यापेक्षा सहसा हलकी भरते. दुकानाची पाटी पाहून घेणाऱ्याने येथे जादा पैसे दिले आणि जादा वजनही वाहिले.

मात्र वाचकांनी सिअर्सचे नाव दिसले की भरवसा ठेवावा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. हीच ‘फ्री स्पिरिट’ची पट्टी पुढे अमेरिकेतल्या मरे आणि हफी कंपन्यांच्या सायकलींवरही लागली. एकच नाव, एकच स्टोअर, आणि दोन सायकलींत जमीन-अस्मानाचे अंतर. म्हणून पट्टी वाचायची नाही, लोखंड वाचायचे.

सर्वप्रथम सांधे पाहावेत. आपल्याकडच्या काळ्या घोडा-सायकलीला जशा नळ्यांच्या सांध्यावर वेगळ्या बाह्या बसवलेल्या असतात, ज्यांना कारागीर ‘लग’ म्हणतात, तशा बाह्या या ऑस्ट्रियन चौकटीलाही असतात. नळी बाहीत घालून मधल्या बारीक फटीत पितळेचे झाळ भरलेले असते. पितळ लोखंडापेक्षा कमी उष्णतेत वितळते, त्यामुळे नळी भाजून ठिसूळ होत नाही आणि बाहीमुळे सांध्याला आधार मिळतो. बाहीच्या कडेने झाळाची रेघ सलग दिसली तर काम नीट झाले आहे. नळीला नळी थेट चिकटवलेली दिसली आणि सांधा गुळगुळीत किंवा फुगीर असला तर ती बहुधा अमेरिकन चौकट.

दुसरी खूण क्रँकची. अमेरिकन स्वस्त सायकलीत दोन्ही बाजूंचे क्रँक आणि मधला आस मिळून एकच वाकवलेली सळई असते. ती आत जाण्यासाठी चौकटीच्या तळाला चांगले दोन इंची, बिनआट्याचे भोक लागते. ऑस्ट्रियन चौकटीत हे घर लहान, आतून आटे पाडलेले, आणि क्रँक कॉटर पिनने बसवलेली. आपल्याकडच्या कोणाही कारागिराला ही मांडणी ओळखीची आहे. तिकडचे हौशी लोक या पिनेला फार भितात, कारण हातोडा कसा मारायचा हे त्यांना कोणी शिकवलेले नसते.

यानंतर ‘मेड इन ऑस्ट्रिया’ ही अक्षरे शोधावीत. बहुधा चौकटीवरच्या पट्टीवर ती सापडतात. तीन गिअरवाली असेल तर मागच्या हबवर सिअर्सचे नाव आणि खाली ऑस्ट्रिया असे कोरलेले दिसते. हा हब इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चरच्या धर्तीचा आहे आणि वेळेवर तेल मिळाले तर वर्षानुवर्षे कुरकुरत नाही. सिअर्सच्या क्रमांकात टिंबाच्या आधी जे तीन आकडे असतात ते माल कोणत्या कारखान्याचा हे सांगतात. एका क्रमांकाच्या दोन सायकली शेजारी ठेवल्या की उलगडा होतो. अमेरिकन सरकारचे सायकल सुरक्षेचे नियम १९७६ साली लागू झाले, तेव्हापासून आऱ्यांत आणि पायडलवर परावर्तक सक्तीचे झाले. ते मूळचेच नसतील तर सायकल त्याआधीची असण्याचा संभव आहे.

एवढे जुळले तरी पैसे लगेच काढू नयेत. पुढच्या धडकेची सायकल वरून ठाकठीक दिसते. हँडलच्या नळीला जेथे वरची आणि तिरकी नळी मिळते त्याच्या मागे, खालच्या अंगाने, बोट फिरवावे. रंगाला सुरकुती किंवा बारीक भेग लागली की चौकट दुमडलेली आहे असे समजावे. पुढचा चिमटा बाजूने पाहावा. त्याचा बाक मागे ढकललेला असेल तर तो बदलावा लागेल. मग दोऱ्याची कसोटी: मागच्या चाकाच्या एका खोबणीपासून दोरा हँडलच्या नळीवरून वळवून दुसऱ्या खोबणीपर्यंत ताणावा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजावे. अंतर सारखे नसेल तर चौकट वाकडी. शेवटी सीटची पिन वर-खाली होते का ते पाहावे. गंजून अडकलेली पिन काढताना चांगली चौकट फुकट गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

या चौकटी भारी शर्यतीच्या नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. याच ऑस्ट्रियन कंपनीने ‘ऑस्ट्रो-डाइमलर’ नावाने सायकलच्या दुकानांसाठी उंची सायकली बनवल्या आणि त्यांतल्या वरच्या प्रतीत इंग्लंडच्या रेनॉल्ड्सच्या ५३१ नळ्या होत्या. सिअर्सच्या बहुतेक सायकलींत साधे पोलाद असे. झाळकाम चांगले, सरळपणा चांगला, चालायला आरामशीर. पण त्यावर कोणी शर्यतीच्या चौकटीचा भाव सांगू लागला तर मुकाट्याने पुढे जावे.

खर्च करायचा तो चाकांवर करावा. लोखंडी रिम पावसात ओली झाली की ब्रेकचे गुटके घसरतात, हा या सायकलींचा सर्वांत मोठा आणि धोक्याचा दोष आहे. ॲल्युमिनियमच्या रिमने ब्रेक धरतो आणि दोन चाकांत मिळून अर्ध्या किलोहून अधिक वजन उतरते. दहा गिअरवालीला २७ इंची चाक असते, त्याच्या टायरच्या बैठकीचा व्यास ६३० मिलिमीटर. हल्लीच्या प्रचलित ७०० सी चाकाचा ६२२. चाक बदलले तर ब्रेकचा गुटका चार मिलिमीटर खाली न्यावा लागतो. ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा आहे का, हे चाक विकत घेण्याआधीच मोजावे. मागच्या हबसाठी चौकटीत १२० मिलिमीटरच्या आसपास जागा असते, आजचा रुंद हब तीत तसाच बसत नाही. तीन गिअरवालीचे टायर २६ बाय १-३/८, व्यास ५९०, आणि ते आजही बनतात.

माँटगोमरी वॉर्डने २००१ साली दुकाने बंद केली, सिअर्सने २०१८ साली दिवाळखोरीचा अर्ज दिला. त्यांच्या सायकली मात्र तिकडच्या गॅरेजांत आणि जुन्या सामानाच्या दुकानांत अजून पडून आहेत, आणि पट्टीवरच्या नावामुळे बहुधा भंगाराच्या आसपासच्या भावाने जातात. आपल्याकडून शिकायला गेलेल्या मुलांना विद्यापीठाच्या गावी पहिल्या महिन्यात सायकल लागतेच. त्यांनी पाना, दोरा आणि एक हातोडी बरोबर घेऊन जावे. कॉटर पिन काढताना नट पूर्ण काढू नये, पिनेच्या टोकाशी सपाटीला आणून ठेवावा आणि क्रँकखाली लाकडाचा ठोकळा देऊन एकच जोरदार ठोका मारावा. हलके हलके ठोकत बसले की पिन वाकते आणि मग ती कोणालाच निघत नाही.