फंक्शनल भाषांतील पॅटर्न मॅचिंग : विस्तार आणि मर्यादा

फंक्शनल प्रोग्रामिंगमध्ये माहिती ज्या कन्स्ट्रक्टरांनी रचली जाते, त्यांच्याच आधारे ती उलगडताही येते. यादी एकतर रिकामी असते किंवा पहिला घटक आणि उरलेली यादी अशी असते. या दोन शक्यतांसाठी दोन समीकरणे लिहिली की फंक्शन पूर्ण होते. बर्स्टॉल, मॅक्क्वीन आणि सॅनेला यांनी १९८० मध्ये मांडलेल्या होप भाषेत ही पद्धत ठळकपणे दिसते. पुढे स्टँडर्ड एमएल, मिरांडा आणि हॅस्केल या भाषांतही ती रूढ झाली.

मात्र यात एक अडचण आहे. पॅटर्न लिहिणाऱ्यास माहितीची आतील साठवण ठाऊक असावी लागते. ती बदलली की पॅटर्न असलेले प्रत्येक समीकरण दुरुस्त करावे लागते. म्हणजेच अॅबस्ट्रॅक्ट डेटा टाइपच्या धड्यात जे झाकावे असे शिकवले जाते, ते पॅटर्न मॅचिंगच्या धड्यात उघडे पडते.

यावर फिलिप वॅडलर यांनी १९८७ मध्ये 'व्ह्यूज' ही कल्पना मांडली. साठवण तशीच ठेवून तिचे दुसरे रूप पॅटर्नसाठी द्यायचे आणि त्यासाठी जाण्याचे व परतीचे अशी दोन फंक्शने लिहायची. समजा, बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील चांदनी येथील विद्यार्थ्याने शेताचे क्षेत्र चौरस मीटरमध्ये साठवले आहे; पण सीमेपलीकडील जळगावच्या नातेवाइकांना ते एकर-गुंठ्यांत हवे आहे. एकर आणि गुंठे असा पॅटर्न व्ह्यूमुळे थेट लिहिता येतो.

खरी मेख परतीच्या फंक्शनमध्ये आहे. एक हेक्टर म्हणजे सुमारे ९८.८४ गुंठे. अपूर्णांक सोडल्यास २ एकर १८ गुंठे होतात. ते पुन्हा मीटरमध्ये आणले तर सुमारे ८५ चौरस मीटर जमीन नाहीशी झालेली असते! दोन्ही फंक्शने परस्परांच्या नेमकी उलट नसतील, तर समीकरणाच्या एका बाजूऐवजी दुसरी बाजू ठेवण्याचा हक्क राहत नाही; आणि तोच तर फंक्शनल पद्धतीचा पाया होय.

म्हणून नंतरच्या अनेक रचनांनी परतीची सक्ती सोडली. २००७ मध्ये एफ-शार्पचे अॅक्टिव्ह पॅटर्न आणि स्कालाचे एक्स्ट्रॅक्टर यांवरील शोधनिबंध प्रसिद्ध झाले. हॅस्केलच्या जीएचसी कंपायलरमध्ये २००८ साली व्ह्यू पॅटर्न आले. पॅटर्न सिनॉनिम २०१४ मध्ये आले. त्यांत मात्र रचणे आणि उलगडणे दोन्ही शक्य आहे. उलट, संख्येसाठीचा 'न अधिक क' हा हॅस्केलमधील जुना पॅटर्न हॅस्केल २०१० मधून वगळण्यात आला. भाषा वाढवताना काही काढावेही लागते, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यास हे उदाहरण चांगले.

दुसरा प्रश्न परिपूर्णतेचा. साध्या कन्स्ट्रक्टरांबाबत एखादी शक्यता राहून गेल्यास कंपायलर इशारा देऊ शकतो. पॅटर्नमागे मनाजोगे फंक्शन असले की त्याला ते ठरवता येत नाही. एफ-शार्पमध्ये यासाठी पूर्ण आणि अंशिक असे दोन प्रकार आहेत; पूर्ण प्रकारात जास्तीत जास्त सात शक्यता चालतात. जीएचसीमध्ये अमुक सिनॉनिम मिळून सर्व शक्यता संपतात, असे प्रोग्रामरनेच घोषित करायचे असते. कंपायलर ते पडताळत नाही. घोषणा चुकीची असेल, तर चूक प्रोग्राम चालतानाच कळते.