बुलेटचा कार्ब बदलण्याआधी

जुनी कास्ट आयर्न बुलेट 350 मॉडिफायला घेतली की आधी सायलेन्सर बदलतो, मग कोन फिल्टर लागतो आणि शेवटी पाळी येते कार्बची. कार्ब जेवढा मोठा तेवढी ताकद जास्त, हा सगळ्यांत महागात पडणारा समज. हे इंजिन 346 सीसीचं, ताकद 18 बीएचपी, आणि त्यावरचा 24 मिलिमीटरचा मिककार्ब त्याच हिशेबाने निवडलेला. गळा अरुंद असला की हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि जेटमधून पेट्रोल वर ओढलं जातं. गळा 30 मिलिमीटरचा केला की कमी फेऱ्यांवर ही ओढच मंदावते. रेस दिली की गाडी आधी गुदमरते, मग उचलते. मोठ्या गळ्याचा फायदा वरच्या फेऱ्यांत असतो, आणि 90 मिलिमीटर स्ट्रोकचं हे इंजिन तिथे क्वचितच जातं. खुद्द बुलेट 500 वर 28 चा कार्ब होता, एवढं 350 वाल्यांनी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ पैसे वाचतील.

दुसरा समज गॅरेजागणिक ऐकू येतो: ‘स्क्रू मारून ॲव्हरेज सेट करून द्या.’ एअर स्क्रूचा अंमल स्लोपासून साधारण पाव थ्रॉटलपर्यंतच. त्यापुढे पाऊण थ्रॉटलपर्यंत सुईचं राज्य असतं, आणि रोजचं बहुतेक चालवणं तिथेच होतं. म्हणून ॲव्हरेजसाठी सुईची क्लिप बघायची. क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. खाच वर घेतली की कमी होतं. मेन जेट कळतं ते थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडल्यावरच. मुठीवर पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केलेली पट्टी चिकटवली, तर गाडी नेमकी कुठे अडते ते चालवतानाच समजतं.

स्क्रूची दिशाही सगळीकडे सारखी नसते. बुलेटच्या मूळ व्हीएम मिककार्बवर तो फिल्टरच्या बाजूला असतो आणि हवा मोजतो, त्यामुळे बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. बदली कार्बवर स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल, तर तो बहुधा पेट्रोलच्या मिश्रणाचा; बाहेर काढला की मिश्रण घट्ट. जुन्या सवयीने हात फिरला की सगळं उलटं होतं. ‘दीड आटा’ ही सुरुवात आहे. तिथून पुढे इंजिन गरम असताना, सर्वांत स्थिर स्लो मिळेपर्यंत जुळवायचं.

जेटच्या आकड्यांचंही तसंच. अमल कंपनीच्या जेटचा आकडा मिनिटाला किती सीसी पेट्रोल वाहतं ते सांगतो, केहीन कंपनीच्या जेटचा भोकाचा व्यास. दोन्हींवर 110 कोरलेलं असलं तरी जेट एकच नव्हे.

थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट झाली की पेट्रोल जास्त जातंय असं मानतात. बहुतेकदा उलट असतं: स्लोचं मिश्रण पातळ, किंवा सायलेन्सरच्या जोडातून हवा आत येते. कार्ब आणि हेडमधला जोडही तपासावा. त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारताच स्लो बदलला, तर गळती तिथेच आहे.

आणि कार्बला हात लावण्याआधी पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर आहे ना, हे पाहावं. थंड इंजिनावर पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. हे चुकलेलं असेल तर कुठलाही कार्ब जुळणार नाही.

उंचीचा परिणाम खरा आहे: हवा विरळ, म्हणून पुण्यात जुळवलेलं जेट 3,500 मीटरवरच्या लेहमध्ये जास्त पेट्रोल देतं. E20 पेट्रोलचा परिणाम याच्या उलट. शुद्ध पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, E20 ला सुमारे 13.5 पट, म्हणून त्याच जेटवर मिश्रण पातळ होतं. कोन फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर त्यात भर घालतात. अशा गाडीचा प्लग पांढुरका दिसू लागला, तर मेन जेट एक पायरी वाढवून, त्याच रस्त्यावर त्याच थ्रॉटलने चालवून, प्लग पुन्हा बघावा.