घाटातली वही

पहाटे साडेचार

यात्रेच्या दिवशी गजर लावावा लागत नाही. देवळावरचा भोंगा चारलाच सुरू होतो आणि त्याच्या आधी शेजारच्या गोठ्यातल्या घुंगरांनी जाग आलेली असते. आमचं गाव मंचर आणि नारायणगाव यांच्या मधल्या पट्ट्यातलं, चारी बाजूंनी ऊस. गोठ्यापर्यंत चाळीस पावलं जायचं असलं तरी हातात बॅटरी घ्यायची, खाकरत जायचं आणि मोबाइलवर मोठ्यानं गाणं लावायचं, म्हणजे बिबट्या असलाच तर वाट सोडतो. चैत्रातली पहाट असूनही अंगावर काटा येतो, तो थंडीनं की बिबट्यानं हे कुणी विचारू नये.

एरवी मी पतसंस्थेत कारकून. वर्षातून एक दिवस बैलगाड्यांच्या घाटात नोंदी लिहितो. पिशवीत दोन वह्या असतात. एक यंदाची, कोरी. दुसरी जुनी, वडिलांच्या हातची, तांबड्या कापडी पुठ्ठ्याची. कामाला लागते ती कोरी. पण लोक बघायला मागतात जुनी.

सहा

शेजारी बैल धुणं चाललंय. हा गाडामालक स्वतः चहा नंतर घेतो, बैलांना आधी उडदाची डाळ आणि दूध. खिल्लार जोडी आहे, एक पांढराशुभ्र, दुसरा जरा कोसा. गावातल्या इतर बैलांची औतं ट्रॅक्टरनं कधीच घेतली. हे दोघे वर्षभर खातात आणि हंगामात मोजक्या घाटांत मोजके सेकंद पळतात. हिशेब मांडला तर धंदा बुडीत आहे. तो मांडायचा नाही हे घरातल्या बायकांनीही आता मान्य केलंय, अर्थात कुरकुर करूनच.

"तपासणीचा कागद घेतला का रं?" म्हातारी ओट्यावरून विचारते.

"घेतला गं आये."

पूर्वी फक्त गुलाल घ्यायचा असायचा.

साडेसात

मांडवडहाळ्यांची मिरवणूक देवळाकडे गेली. मी घाटाकडे निघालो. साताऱ्या-सांगलीकडच्या वाचकांना सांगायला हवं, की आमचा घाट म्हणजे तुमचं मैदान नव्हे. तुमच्याकडं पाच-सहा गाड्या एका वेळी सुटतात आणि गाडीवर हाकणारा असतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या भागात गाडा एकटा सुटतो, घड्याळाशी पळतो आणि त्याच्यावर कुणी बसत नाही. धुरेला दोन बैल, त्यांच्या पुढं जुकाटाला दोन आणि सगळ्यांच्या पुढं घोडी. तिच्यावरचा स्वार वाऱ्यासारखा चढ चढतो, मागून चार बैल. एका धावेला बारी म्हणायचं. खालची रेघ सुटल्यापासून वरच्या निशाणापर्यंत चांगल्या गाड्याला अकरा-बारा सेकंद पुरतात. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या दरडींवर माणसं उन्हात दिवसभर बसतात.

आमच्या घाटात अकरा सेकंदांतले सगळे गाडे पहिल्या नंबरात, बाराचे दुसऱ्यात, तेराचे तिसऱ्यात. बक्षीस त्या-त्या नंबरात वाटून जातं. एका दिवसात पहिला नंबर पंधरा-वीस जणांचा येऊ शकतो. ही पद्धत मला फार आवडते. सगळ्यांत जलद एकच, त्याला घाटाचा राजा म्हणतात. पण फेटा बांधून घरी जाणारे बरेच असतात.

नऊ

पहिली बारी. निवेदकानं माईक फुंकला, खाली जुंपणाऱ्यांनी हात सोडले आणि "झाली... भिर्रर्र!" एवढ्यात संपलंसुद्धा. मी टोकन नंबर, गाव आणि सेकंद लिहिले. यंदा १६० टोकनं आहेत. तीन मिनिटाला एक बारी धरली तर आठ तास. मधे जेवण नाही.

सेन्सरचं घड्याळ आकडा स्वतःच दाखवतं, ११.८४. मला फक्त उतरून घ्यायचं असतं. वडिलांच्या हातात स्टॉपवॉच होतं, गोल, चावीचं. त्याचा काटा सेकंदाचे पाच भाग करत टिकटिकायचा, त्यामुळं अकरा आणि चार पंचमांश यांच्या पुढची टिक थेट बारा. सगळं भांडण त्या शेवटच्या टिकेत असायचं. अंगठा कुणाचा आधी दाबला गेला, घड्याळवाला निशाणाकडं बघत होता की पोरीबाळींकडं, झेंडा कधी पडला, यावर यात्रा संपेपर्यंत वाद. आता यंत्रानं सेकंदाचे शंभर भाग केलेत आणि बोलायला जागा ठेवली नाही. न्यायासाठी हे चांगलंच आहे, हे मी मानतो. माझी तक्रार इतकीच की आकडा लगेच कळतो आणि लगेच विसरतो.

साडेअकरा

ऊन चढलं. दरडीवर उपरणी, छत्र्या, खतांची पोती डोक्यावर. गारेगारवाला तिसऱ्यांदा फिरला. आता जुने शौकीन एकेक करून मंडपात सावलीला येतात आणि माझ्या टेबलामागं बसतात. त्यांचं बघणं कानानंच असतं. घुंगराच्या आवाजावरून सांगतात, "धुरेचा डावा मागं राहिला." बहुतेकदा बरोबर निघतं.

बोलणी सगळी मागची. कुणाचा हरण्या, कुणाचा चिमण्या, कोणत्या जोडीला कोणत्या साली नारळ मिळाला. पौषी पौर्णिमेला नागापूरच्या थापलिंगाच्या खंडोबाला कसे बैलगाडीनंच जायचो, रात्री गाडीखाली झोपायचो. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात खोंड बघायला गेलेला माणूस घरच्यांना न विचारता तो घेऊन कसा आला आणि आठ दिवस गोठ्यातच कसा जेवला. दिवसा घाट, रात्री तमाशा, सकाळी हजेरी आणि दुपारी कुस्त्या, असा बेत. त्या तमाशाची सुपारी नारायणगावच्या राहुट्यांत जाऊन द्यायची. तिथं विठाबाईंच्या फडाची तारीख मिळाली तर कमिटीचा अध्यक्ष वर्षभर मिशीला पीळ देत फिरायचा. माणसाचं लग्न कोणत्या साली झालं हे बैलावरून सांगणारे लोक आहेत हे. "सर्जा घेतला त्याच्या दुसऱ्या वर्षी."

एकानं मला विचारलं, "बंदीच्या वर्षाचं काय लिवलंय वहीत?"

काही नाही. वडिलांच्या वहीची पानं संपली, पुढं मी दुसरी केली. तिच्यात २०१४ च्या चैत्रातली शेवटची नोंद आहे आणि तिच्या खाली एक ओळ सोडून २०२२ ची पहिली. मधली ओळ म्हणजे आठ वर्षं. २०११ मध्ये केंद्रानं बैलाचं नाव खेळात वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत घातलं, तेव्हापासून कधी बंद, कधी अटींवर चालू. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं सगळंच थांबलं. २०१७ मध्ये राज्यानं कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. या तारखा इथल्या पोरांना दहावीच्या इतिहासापेक्षा पक्क्या पाठ आहेत.

त्या वर्षांत यात्रा भरायची, पालखी निघायची, शेरणी वाटली जायची. घाटात बाभळी वाढल्या. काहींनी बैल विकले. विकलेल्या बैलाचं पुढं काय झालं, हे विचारायची मंडपात पद्धत नाही. काही म्हातारे मात्र यात्रेच्या दिवशी सकाळी जाऊन दरडीवर बसायचे, समोर नुसता चढ बघत. मी एकदा त्यांच्यात जाऊन बसलो होतो. दुपारपर्यंत बैलांवर बोललो आणि भूक लागल्यावर घरी आलो.

एक वाजता

बारी थांबली. खाली कुणाच्या तरी हातात काठी दिसली म्हणून पंचांनी गाडा बाद केला. मालक चिडला, निवेदकानं माईकवरून कायदा वाचला. धाव हजार मीटरच्या आत, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

मागं बसलेल्यांपैकी एक पुटपुटला, "आमच्या टायमाला असलं काय नव्हतं."

नव्हतं, म्हणूनच बंदी आली. टोचण्या होत्या. बैलाची शेपटी दातानं चावणारे मी लहानपणी बघितलेत आणि त्यांच्याबद्दल लोक कौतुकानं बोलायचे. आठवणी सांगताना ही शेपटी आम्ही सगळेच गाळतो. बंदी मागणारे आमचे शत्रू नव्हते. त्यांनी जे दाखवलं त्यातलं बरंचसं खरं होतं, हे मंडपात मोठ्यानं म्हणायला मला पन्नाशी उजाडावी लागली. आज म्हटलं. कुणी उत्तर दिलं नाही, पण चहा माझ्यापर्यंत पोचला.

साडेतीन

फोन. भाचा इंग्लंडात कॉव्हेंट्रीला असतो, तिथं सकाळचे अकरा. यूट्यूबवर आमचा घाट लाइव्ह बघतोय. "मामा, तू पडद्यावर दिसतोयस. टोपी नीट कर."

गेल्या वर्षी त्यानं मला तिथली एक गोष्ट सांगितली होती. कॉव्हेंट्रीजवळ ब्रँडन नावाचं मैदान आहे. तिथं मातीच्या लंबगोल वाटेवर मोटारसायकलींच्या शर्यती व्हायच्या, स्पीडवे म्हणतात. एका वेळी चार स्वार, चार फेऱ्या, गाडीला ब्रेक नाही. आमच्या गाड्यालाही नाही, हे मी लगेच सांगितलं. १९२८ च्या फेब्रुवारीत लंडनजवळच्या हाय बीचला झालेल्या शर्यतीपासून हा खेळ तिकडं पसरला आणि गावोगाव त्याचे क्लब झाले. मग मैदानांच्या जमिनींना भाव आला. मँचेस्टरचं हाइड रोड १९८७ मध्ये गेलं. ब्रँडनला कॉव्हेंट्री बीज हा क्लब २०१६ पर्यंत धावला, त्यानंतर मैदान पडीक.

पण मला चिकटली ती वेगळीच गोष्ट. तिथले प्रेक्षक छापील पत्रिका विकत घ्यायचे. तिच्यात प्रत्येक शर्यतीपुढं रिकामे चौकोन असायचे आणि बापलेक पेन घेऊन बसायचे. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला शून्य. प्रत्येक माणूस स्वतःची वही स्वतः भरायचा. भाच्याच्या शेजारच्या म्हाताऱ्याकडं अशा पत्रिकांची खोकी माळ्यावर आहेत. मैदान गेलं, खोकी आहेत. आमच्याकडं उलटं झालंय. घाट परत मिळाला, पण आकडे लिहिणारा गावात मी एकटा.

पाच

१४८ वी बारी. पट्टीवर ११.४१. दरड उठून उभी राहिली, पागोटी उडाली. हा घाटाचा राजा होणार हे सगळ्यांना कळलं. मालक शिरूरकडचा, पोरगा पंचविशीतला, बैलाच्या गळ्यात पडून रडला. बक्षिसाला आमच्याकडं मोटारसायकल आहे. २०२२ मध्ये चिखलीच्या घाटात जेसीबी आणि बोलेरो लावली होती. तेव्हापासून छोट्या गावांच्या कमिट्यांना वर्गणी गोळा करताना घाम फुटतो. मला वाटतं, फेटा आणि ढाल पुरे. माझं कुणी ऐकत नाही.

पुढच्याच गाड्याला १२.०२. मालक धावत टेबलाशी आला. "दोन पॉइंटानं? आवं नुस्तं दोन पॉइंटानं?" यंत्राकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, हात झटकले आणि गेला. एका मिनिटात मिटलं.

साडेसहा

गर्दी उतारावरून तमाशाच्या तंबूकडं ओघळली. मी बेरजा करत होतो, तेव्हा तात्या आले. दर वर्षी येतात. जुनी वही मागतात, त्यांना पान माहीत आहे, १९९६ चा चैत्र. तिथं वडिलांच्या अक्षरात तात्यांच्या गाड्यापुढं "१२" लिहिलेलं आहे. तात्यांचं म्हणणं, अकरा आणि चार पंचमांश. त्यापायी दोघं दोन वर्षं बोलत नव्हते. पुढं बोलायला लागले, पण या विषयावर कधीच नाही. वडील गेले, घड्याळ बंद पडलं, तात्यांचे ते चारही बैल केव्हाच मातीत गेले. तात्या येतात, पान उघडतात, बोट ठेवतात, "चुकलंय" म्हणतात, चहा पितात आणि जातात.

यंदा त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. त्या सालच्या कालनिर्णयाचं एप्रिलचं पान. मागच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं आमच्या गावाचं नाव आणि पुढं "११". त्याच रात्री घरी जाऊन लिहिलेलं.

"तुझ्या बापाचं राहू दे," म्हणाले. "हे बी ठेव."

मी ऑफिसचा गोंद आणला होता. "१२" च्या शेजारी ते पान चिकटवलं. तात्यांनी बराच वेळ दोन्हीकडं बघितलं. चहा आज तमाशाच्या तंबूत घेऊ म्हणाले.

रात्री अकरा

ढोलकी ऐकू येतेय. बेरीज जुळली, १६० टोकनं, चार गाडे आले नाहीत, तीन बाद, १५३ बाऱ्या. पहिल्या नंबरात सतरा.

जुन्नर-आंबेगावात कुणाच्या घरी घाटाच्या जुन्या नोंदी असतील, कॅलेंडरच्या मागं, दुधाच्या डायरीत, यात्रेच्या पत्रिकेवर, तर त्या रद्दीत घालू नका. आपापल्या गावच्या कमिटीकडं नेऊन द्या. आकडा आमच्या वहीशी जुळला नाही तरी चालेल.