नजर पुढे राहावी म्हणून सायकलचे हँडल

चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीस जाणारा सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता बराचसा जंगलातून जातो. हिवाळ्यातील सकाळी तो सायकलस्वारास मोह घालतो. परंतु येथे नजर सतत पुढे असावी लागते. वळणापलीकडे चितळ, रानडुक्कर, क्वचित वाघही रस्ता ओलांडत असतो.

रोड बाईकचे हँडल वेगासाठी सीटहून खाली आणि बरेच पुढे ठेवलेले असते. दिवसभर दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याची आखडलेली पाठ तितकी वाकत नाही. मग भार तळहातांवर येतो, करंगळी व अनामिका बधिर होतात, मान दुखते आणि नजर पुढच्या चाकाशीच खिळते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये पूर्ण केलेली ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ सुमारे ४,८०० किलोमीटरची आहे. त्याच स्पर्धेत १९८३ साली मायकेल शर्मर यांच्या मानेच्या स्नायूंनी डोके पेलणे सोडले. या विकारास पुढे त्यांचेच नाव पडले.

उपाय वयात नव्हे, मांडणीत शोधावा. प्रथम सीट तपासावी. तिचे टोक खाली झुकले असेल, तर शरीर पुढे घसरते आणि भार हातांवर पडतो. ती समतल करावी. त्यानंतर स्टेम, म्हणजे हँडलला पुढच्या काट्याशी जोडणारा भाग, पाहावा. त्यावर मोकळ्या चकत्या असल्यास त्या खाली घेऊन हँडल उंचावता येते. बहुतेक स्टेम थोडे तिरके असतात. ते उलटवून बसविले तरी सुमारे २ सेंटिमीटर उंची मिळते. हात ताणले जात असतील, तर १०० मिलिमीटरऐवजी ८० मिलिमीटरचे स्टेम लावावे. ब्रेकचे दांडे मनगट न वाकवता हाती यावेत.

स्टेम बसविताना आधी वरचा स्क्रू बेताने आवळून खुळखुळ घालवावी, मगच बाजूचे स्क्रू स्टेमवर छापलेल्या मर्यादेइतके घट्ट करावेत. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवून पाहावी. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळविताना केबल ताणली जाऊ नये. स्वतः खात्री नसल्यास मेकॅनिककडून हे करून घ्यावे.

एका वेळी एकच बदल, तोही सेंटिमीटरभराचा करावा. मग चंद्रपूर ते भद्रावती तीर्थ अशी छोटी फेरी करावी. परतताना बोटे जागी असतील आणि मान सहज वर राहत असेल, तर गडचिरोलीची वाट धरण्यास हरकत नाही.