जुन्या रेडिओचें रोहित्र : पारख आणि पडताळा

आजोबांच्या वेळचा व्हॉल्व्हचा रेडिओ कोनाड्यांत जपून ठेवलेला आहे, अशीं घरें आमच्या वाचकवर्गांत थोडीं नसतील. कोणाकडे ठाण्याच्या कारखान्यांतून आलेला मर्फी असेल, कोणाकडे फिलिप्स. अशा यंत्राचा आवाज बंद पडला, म्हणजे दोष पुष्कळदां ध्वनीच्या रोहित्रांत निघतो. दुरुस्तीवाले त्यास आऊटपुट ट्रान्सफॉर्मर म्हणतात. तसेंच नवें मिळणें कठीण, म्हणून घरांतील तरुण मंडळी भ्रमणध्वनीवरील जुन्या मालाच्या बाजारांत शोध करूं लागतात. पूर्वीं यासाठीं लॅमिंग्टन रोड किंवा चोरबाजार गांठावा लागे. तेथें वस्तु निदान हातांत घेऊन पाहतां येई. आतां पैसे आधीं जातात आणि वस्तु मागून येते.

या रोहित्राचें काम थोडक्यांत असें. व्हॉल्व्हास आपल्यापुढें कांहीं हजार ओहमांचा भार हवा असतो, आणि कर्णा तर असतो तीन-चार ओहमांचा. दोघांची सांगड हें रोहित्र घालतें. उदाहरणार्थ, ईएल ८४ या व्हॉल्व्हास सुमारें ५००० ओहम लागतात. कर्णा ४ ओहमांचा धरला, तर भागाकार १२५० आणि त्याचें वर्गमूळ सुमारें ३५. म्हणजे पहिल्या गुंडाळींत दुसरीच्या पस्तीसपट वेढे हवेत. हें गणित घरांतील शाळकरी मुलांसही करतां येईल.

बदलापुरांत हेंद्रेपाड्यास राहणाऱ्या, आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबानें असें एक रोहित्र मागविलें. आजींचा दुपारचा सोबती मुका झाला होता, आणि विकणाऱ्यानें माल परत घेण्यास अवघे सात दिवस दिले होते. पुतण्यानें पहिल्या गुंडाळीस १२ व्होल्टांचा प्रत्यावर्ती दाब दिला, तों दुसरीवर सुमारें एकतृतीयांश व्होल्ट आला. गुणोत्तर जुळलें, मंडळींस आनंद झाला. परंतु काकांनीं वरचें टोपण काढून गाभा पाहण्याचा आग्रह धरला, आणि तोच उपयोगीं पडला. घरगुती वीज २३० व्होल्टांवरून ६.३ व्होल्टांवर आणणाऱ्या साध्या रोहित्राचेंही गुणोत्तर छत्तीसच्या घरांत येतें! केवळ गुणोत्तर जुळलें म्हणून वस्तु ठेवून घेणें, हें नुसती पत्रिका पाहून स्थळ पसंत करण्यासारखें आहे.

खरा भेद गाभ्यांत असतो. गाभा 'ई' आणि 'आय' या इंग्रजी अक्षरांच्या आकाराच्या पत्र्यांचा रचलेला असतो. कारागीर त्यांस स्टॅम्पिंग म्हणतात. साध्या रोहित्रांत हे पत्रे एक इकडून, एक तिकडून असे गुंफलेले असतात. शेवटीं एकच व्हॉल्व्ह असलेल्या रेडिओंत मात्र पहिल्या गुंडाळींतून एका दिशेचा प्रवाह अखंड वाहत असतो. त्यानें लोखंड चुंबकत्वानें भरून जाऊं नये, म्हणून सारे 'ई' एका बाजूस आणि सारे 'आय' दुसऱ्या बाजूस ठेवून मध्यें कागदाइतकी फट सोडतात. कडेवर तिची सरळ रेघ दिसते. हेंद्रेपाड्यास आलेल्या रोहित्रावर ती नव्हती. तें बसविलें असतें तर आवाज उमटला असता. तबला ऐकूं आला असता, पण डग्गा हरवला असता. वस्तु पांचव्या दिवशीं परत गेली. जेथें दोन व्हॉल्व्ह जोडीनें काम करतात, तेथें पत्रे गुंफलेलेच असतात आणि पहिल्या गुंडाळीस बहुधा तीन तारा असतात. म्हणून आपला रेडिओ कोणत्या जातीचा, हें आधीं पाहावें.

चिठ्ठीवर ५००० ओहम आणि मल्टिमीटरवर तीन-चारशेंच, हें पाहून पुष्कळजण घाबरतात. ती लबाडी नव्हे. मीटर केवळ तारेचा रोध मोजतो. ओलीची गोष्ट अधिक गंभीर आहे. उल्हास नदीकांठच्या या भागास २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ चे पूर ठाऊक आहेत. पाण्यांत राहिलेलें रोहित्र वरून चकचकीत करतां येतें, आंतील कागदाची ओल पुसतां येत नाहीं. गुंडाळी व गाभा यांमधील रोध ५०० व्होल्टांच्या मेगरनें पाहिल्यास ती तत्काळ उघडकीस येते.

शौकिनांच्या वस्तूंचा प्रकार निराळा. १९४७ सालीं विल्यमसन यांनीं 'वायरलेस वर्ल्ड' मासिकांत प्रसिद्ध केलेल्या ध्वनिवर्धकासाठीं पार्ट्रिज या इंग्रज कंपनीनें रोहित्रें बनविलीं. अमेरिकेच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या रोहित्रांस तर आज दागिन्यांसारखें जपतात. जेथें भाव, तेथें नक्कल आलीच. जुन्या डबीवर कोरी चिठ्ठी, स्क्रूच्या खांचांत ताजे ओरखडे, कापडी वेष्टनाऐवजीं प्लॅस्टिकची तार, या खुणा पाहाव्या. मात्र तार प्रामाणिक दुरुस्तींतही बदलली जाते. निकेलमिश्रित गाभ्याचीं लहान रोहित्रें मीटरच्या ओहमांवर मोजूं नयेत, कारण मीटरच्या एकदिश प्रवाहानें गाभा चुंबकित होतो.

मागविण्यापूर्वीं विकणाऱ्याकडून गाभ्याच्या कडेचें छायाचित्र मागावें आणि पार्सल उघडतांना चित्रफीत घ्यावी. पैसे घेऊन विकणारा नाहींसा झाल्यास लागलीच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तपासतांना दाब दुसऱ्या गुंडाळीस कधींही देऊं नये. १२ व्होल्टांचे पहिलीवर चारशें होतात. रेडिओची पिन काढल्यावरही कंडेन्सरांत अडीचशें व्होल्ट राहूं शकतात. ते उतरविणें ज्यांस येत नाहीं, त्यांनीं बसविण्याचें काम जाणत्या कारागिराकडे द्यावें.