आधी अन्न, मग मतभेद

तथागत आळवी नगरीत आले, तेव्हा एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून, थकून, उपाशीपोटी धम्मसभेत पोहोचला. तथागतांनी त्याला प्रथम जेवू घालण्यास सांगितले; देशना त्यानंतर दिली. धम्मपदाच्या अट्ठकथेतील ही कथा आपल्या परिचयाची आहे. परस्परविरोधी विचारांच्या राष्ट्रांनाही हा क्रम पाळता येतो काय, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

१९२१ साली व्होल्गा नदीच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. रशियातील साम्यवादी राजवटीला अमेरिकेने मान्यताही दिली नव्हती. ती पुढे १९३३ साली दिली. तरीही ऑगस्ट १९२१ मध्ये रीगा येथे करार झाला. वंश, धर्म वा राजकीय मत न पाहता अन्नवाटप व्हावे, असे त्यात ठरले. १९२२ च्या उन्हाळ्यात रोज सुमारे १ कोटी लोकांना हे अन्न मिळत होते.

साहाय्याला दुसरी बाजूही असते. १९६५ व १९६६ साली भारतात लागोपाठ अवर्षण पडले. अलिप्त भारत व्हिएतनाममधील बॉम्बहल्ल्यांवर टीका करीत होता. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी 'पी. एल. ४८०' चा गहू थांबवला नाही. पण हात राखून, थोडाथोडाच सोडला. पोट भरले, स्वाभिमान मात्र दुखावला. अन्नधान्यात स्वावलंबी होण्याचा देशाचा निर्धार त्यामुळे अधिकच बळावला.

दात्यावरचे हे अवलंबित्व कमी कसे करावे, याचे एक उत्तर आपल्याच परिसरात आहे. बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेत येतात. कालव्याखालची शेते हिरवी, तर जिरायत गावे कोरडी. बारामतीच्या अशा गावांत 'कासा' या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या 'कामाच्या बदल्यात धान्य' योजनेतून पाझर तलाव बांधले गेले. पाझर तलावात अडवलेले पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उतरते. परक्या मुलखातील, परक्या धर्माच्या माणसांनी पाठवलेले धान्य येथे भिक्षा न राहता मजुरी झाले. धान्य संपले, बांध राहिले. पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने राज्यात कामालाच हक्काचे स्थान दिले.

देणाऱ्याने मत विचारू नये आणि घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, एवढे साधले तरच ते दान करुणेचे ठरते. आमच्या वसतिगृहाच्या पंगतीत वाढताना जात, गाव विचारले जात नाही, त्यामागे हाच संस्कार आहे. माजी विद्यार्थ्यांनी तो आपापल्या गावी जपावा, ही मंगलकामना.