पद्मिनी मोटार : घरच्या घरी देखभाल व दुरुस्ती

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी रोजच्या रहदारीतून जवळजवळ नाहीशी झाली आहे. तरीही हौशी मालकांच्या दारात ती अजून उभी असते आणि रविवारी सकाळी तिचे बॉनेट हमखास उघडे दिसते. मालकाने स्वतःच्या हाताने निगा राखावी अशा मोटारींत तिचे स्थान वरचे मानले जाते. रचना साधी म्हणून दुरुस्ती सोपी, असे त्याचे कारण सर्रास सांगितले जाते, पण ते पुरेसे नाही. शिवणयंत्राची रचनाही साधीच असते, तरी ते कित्येक घरांत वर्षानुवर्षे बंद पडून असते. पद्मिनीतील बहुतेक बिघाड डोळ्यांना दिसतात, कानांना ऐकू येतात किंवा नाकाला कळतात, आणि हे तिचे खरे वैशिष्ट्य होय. तिची देखभाल ही प्रथम निरीक्षणाची विद्या आहे. पाने, पकडी आणि गोट्या यांचे काम त्यानंतर सुरू होते.

सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्यात आरंभी डॉज, प्लीमथ या अमेरिकी गाड्यांची जुळणी होत असे. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले आणि १९५३ मध्ये इटलीत अवतरलेली फियाट ११०० लवकरच येथेही तयार होऊ लागली. पुढची दारे उलट्या दिशेने उघडणारी ही गाडी ‘डुक्कर फियाट’ या नावाने प्रसिद्धी पावली. १९६४ पासून ‘११०० डी’ हे सुधारित रूप भारतात बनू लागले. इटलीत ते १९६६ मध्येच बंद झाले. आपल्याकडे मात्र १९७३ मध्ये ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने त्याचे उत्पादन विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालू राहिले. टॅक्सी म्हणून तिची मुंबईतील कारकीर्द ३० ऑक्टोबर २०२३ रोजी वयोमर्यादेमुळे संपली. कागदोपत्री नाव काहीही असो, गॅरेजात तिला अजूनही ‘फियाट’च म्हणतात.

तिचे एंजिन चार सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे व १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे आहे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. ठोकळा बिडाचा, तर वरचे हेड अॅल्युमिनियमचे. झडपा हेडमध्ये असून त्यांना उचलणारा कॅमदंड मात्र खाली ठोकळ्यात असतो. बॉनेट उघडल्यावर हे सारे एका नजरेत येते आणि एंजिनाच्या दोन्ही अंगांना हात घालायला जागा सापडते. ज्याने आजच्या गाडीत एक प्लग बदलण्यासाठी तीन आवरणे उतरवली आहेत, त्याला या मोकळ्या जागेचे मोल कळेल.

धर्मशास्त्रात कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे तीन वर्ग सांगितले आहेत. जुन्या मोटारीच्या कामांना हे वर्गीकरण चपखल लागू पडते. इंजिन ऑइलची पातळी, रेडिएटरमधील पाणी, बॅटरीतील पाणी व चाकांतील हवा पाहणे ही नित्य कर्मे. काही बिघडल्यावर करावी लागतात ती नैमित्तिक. आणि केवळ हौसेखातर होणारी क्रोमची झिलई, मूळ रंगाचा शोध, जुन्या घडणीचा रेडिओ ही काम्य. काम्य कर्मांवर पैसा सर्वाधिक खर्च होतो. नित्य कर्मांना दहा मिनिटे लागतात आणि नेमकी तीच चुकवली जातात.

नित्य कर्मांत एकाची भर घालावी. रात्री गाडीखाली पुठ्ठ्याचा मोठा तुकडा सरकवून ठेवावा व सकाळी तो पाहावा. एंजिनाखाली काळा, बुळबुळीत ठिपका म्हणजे ऑइल. मागच्या बाजूचा दाट व उग्र वासाचा ठिपका डिफरन्शियलचा. आणि चाकाच्या आतल्या बाजूला पातळ ओल दिसली, तर ती ब्रेकच्या द्रवाची समजून गाडी त्या दिवशी बाहेर काढू नये.

नैमित्तिक कामांत प्रज्वलन व्यवस्थेला पहिला मान द्यावा लागतो. १२ व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून वाहत असतो. वितरकातील, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधील, दोन लहान स्पर्शबिंदू तो प्रवाह क्षणात तोडतात. प्रवाह तुटताच कॉइलच्या दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि तो फिरत्या रोटरमार्फत १-३-४-२ या क्रमाने ठिणगी-गुडद्यांना, म्हणजे बोलीभाषेतल्या प्लगना, वाटला जातो. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना हे बिंदू सेकंदाला १०० वेळा उघडतात व मिटतात. इतके राबणारा भाग झिजणारच. मेकॅनिक त्यांना नुसते ‘पॉइंट’ म्हणतात, आणि ‘पॉइंट घासून द्या’ ही एके काळी गॅरेजातील सर्वांत नेहमीची मागणी होती.

पॉइंट बसवण्याचे काम बारकाईने समजून घेण्यासारखे आहे. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण दोन क्लिपा सोडवून उचलावे व आतून भेगा किंवा कोळशासारख्या रेषा आहेत का ते उजेडात पाहावे. रोटर काढावा. गाडी चौथ्या गिअरमध्ये घालून हळूच पुढेमागे ढकलावी आणि डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याचा उंचवटा बरोबर पॉइंटच्या टाचेखाली आणावा. या स्थितीत बिंदू पूर्ण उघडे असतात. त्यांच्यामध्ये फिलर गेजची ०.४५ मिलिमीटरची पात घालावी. पात किंचित अडखळत सरकली पाहिजे. मोकळी सुटली तर फट जास्त, ढकलावी लागली तर कमी. स्क्रू आवळताना फट हमखास बदलते, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजावे. शेवटी कोऱ्या कागदाची पट्टी मिटलेल्या बिंदूंमधून ओढावी. पातीला लागलेले तेल बिंदूंवर राहिले, तर ते जळून काजळी धरते आणि केलेली मेहनत आठवड्यात वाया जाते. फट वाढली की बिंदू लवकर उघडून ठिणगी आधी पडते, घटली की उशिरा. त्यामुळे आधी फट आणि मग टायमिंग हा क्रम उलटा करू नये.

येथे प्रस्तुत लेखकाने स्वतःची एक चूक नोंदवणे उचित ठरेल. त्याची गाडी थंड असताना उत्तम चाले आणि वीस मिनिटांनी ‘मिसिंग’ मारू लागे. कार्ब्युरेटरवर संशय घेऊन त्याने तो दोनदा उघडला, जेट धुतले, फ्लोटची पातळी बदलली. दोष निघाला धारित्रात, म्हणजे अंगठ्याएवढ्या कंडेन्सरमध्ये, जो तापला की निकामी होत होता. पॉइंटांवर निळसर जळल्याचा डाग आणि एका बिंदूवर साचलेला उंचवटा पहिल्याच दिवशी समोर होता. झाकण उचलूनही त्याकडे लक्ष गेले नाही. जुने मिस्त्री आधी ‘करंट’ पाहतात आणि मग ‘पेट्रोल’, त्यामागे हा अनुभव आहे. शिवाय कार्ब्युरेटर विनाकारण उघडला, की मूळ दोष तसाच राहून त्यात दुसऱ्याची भर पडते.

काढलेला प्लग हा एंजिनाच्या प्रकृतीचा दाखलाच असतो. टोकावर फिकट तपकिरी रंग असला तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी मिश्रणात पेट्रोल जास्त असल्याचे सांगते, तर ओलसर तेलकट काळपटपणा झिजलेल्या रिंगा किंवा झडपांच्या मार्गदर्शिकांकडे बोट दाखवतो. पांढरट, भाजल्यासारखे टोक दिसल्यास मिश्रण पातळ आहे असे समजावे. प्लगची फट ०.६ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. करवतीच्या पात्याची जाडीही जवळपास तेवढीच असल्याने गेज नसलेले मिस्त्री पात्याचा तुकडा खिशात बाळगत. या युक्तीला नाके मुरडण्याचे कारण नाही.

इंधनाचा पंप यांत्रिक असून त्यातील पातळ पडदा कॅमदंडाच्या ठोक्याने वरखाली होतो. उन्हाळ्यात घाट चढताना पंप व नळी इतकी तापते, की पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह थांबतो. यालाच बाष्परोध म्हणता येईल. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभी असलेली फियाट आणि तिच्या पंपावरचा ओला फडका हे दृश्य ज्यांनी पाहिले, त्यांना त्याचे विज्ञान नव्याने सांगायला नको. नळी एंजिनाच्या तापल्या भागापासून थोडी दूर वळवणे हा त्यावरचा अधिक टिकाऊ उपाय.

आता इथेनॉलचा प्रश्न पुढे आला आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०२५ पर्यंत गाठण्याचे ठरवले आणि तसे इंधन आता पंपांवर सर्वत्र मिळते. उसाच्या महाराष्ट्राला यात आनंद वाटावा. पद्मिनीला मात्र हे पचवणे जड जाते. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते किंवा चिरते आणि हवेतील ओलावा ओढून घेते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणीमिश्रित थर साचतो, तो यामुळेच. सर्व रबरी नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारचे घालावेत, गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास टाकी कोरडी करावी आणि नळ्या दर महिन्याला बोटांनी दाबून पाहाव्यात. चिकट किंवा कडक लागलेली नळी तत्काळ बदलावी. ती एंजिनाच्या वर फुटली तर आग लागू शकते.

शीतन व्यवस्थेविषयी एवढेच, की बोअरचे पाणी घालू नये. त्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात. शिवाय बीड आणि अॅल्युमिनियम हे दोन धातू एकाच पाण्यात असल्याने विद्युत-रासायनिक क्षरण होऊन हेड आतून पोखरले जाते. ऊर्ध्वपातित पाणी आणि शीतक द्रव वापरावा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही हात भाजतात.

पत्र्याचा विषय अधिक गंभीर आहे. या गाडीला खाली वेगळी चौकट नाही. कवच हाच सांगाडा आहे. दारांखालच्या पोकळ पेट्या व पायाखालचा पत्रा यांच्यावर सगळा भार असतो, आणि कोकणपट्टीच्या खाऱ्या दमट हवेत गंज तेथेच घर करतो. सडलेल्या जागी लांबी भरून वरून रंग मारण्याची प्रथा बाजारात रूढ आहे. गाडी विकत घेताना फडक्यात गुंडाळलेले लहान लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते चिकटत नाही तेथे जाड लांबी आहे. पेट्यांच्या तळाची पाणी निचरण्याची छिद्रे दर पावसाळ्याआधी तारेने मोकळी करावीत. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडणे हे वेल्डरचे काम असून घरी करण्याचे नव्हे.

ब्रेकच्या बाबतीतही मर्यादा ओळखावी. चारही चाकांना ड्रम आहेत आणि जुन्या गाड्यांत द्रवाचा मार्ग एकच असतो. एका चाकाची रबरी सील गळाली, की चारही ब्रेक एकदम जातात. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो, म्हणून तो दर दोन वर्षांनी बदलावा. त्यातील हवा काढायला दोन माणसे लागतात. घरातील कोणीतरी पेडलवर बसते आणि चाकापाशी आडवे पडून दुसरा सांगतो : “दाब... धरून ठेव... सोडू नकोस हं... आता सोड.” पारदर्शक नळीतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत हे चालते, आणि ‘सोड’ हा शब्द चुकीच्या क्षणी ऐकला गेला तर पहिल्यापासून सुरू करावे लागते. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ड्रममधील धूळ फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. लोखंडी घोड्या लावून, गाडी हलवून पाहून, मगच खाली शिरावे.

२०२१ मधील केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या खासगी वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करता येते. त्यासाठी २०,००० रुपये शुल्क असून नोंदणी दहा वर्षे चालते. सांगाडा, कवच वा एंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. १९७४ च्या पद्मिनी आता या कक्षेत आल्या आहेत. आधुनिक एंजिन बसवण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी हा नियम आधी वाचावा. अशी गाडी नित्याच्या प्रवासाला वापरता येत नाही. मात्र प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी ती रस्त्यावर आणण्यास मुभा आहे.

सुट्या भागांसाठी मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर आणि पुण्यात नाना पेठ येथे चौकशी करावी. बुधवारी व रविवारी भरणाऱ्या पुण्याच्या जुन्या बाजारातही नशिबाने एखादा मूळ भाग हाती लागतो. नव्या नकली भागापेक्षा जुना मूळ भाग अनेकदा सरस ठरतो, पण तो पारखून घ्यावा लागतो. डिस्ट्रिब्यूटर घेताना झाकण व रोटर काढून त्याचा उभा दांडा अंगठा व तर्जनी यांत धरावा आणि आडवा हलवून पाहावा. बुश झिजलेला असेल तर दांडा डुलतो, आणि अशा दांड्यावर पॉइंटची फट कितीही वेळा लावली तरी टिकत नाही. दांडा डुलला, तर भाव विचारण्याच्या भानगडीत न पडता तो खाली ठेवावा.